कामकरी माता आणि पाळणाघर

स्त्रीने घराबाहेर काम करावे की करू नये, हा प्रश्न सुशिक्षित मध्यमवर्गात एके काळी मोठ्या हिरिरीने चर्चिला गेला. कष्टकऱ्यांच्या घरांत मात्र तो कधीच उपस्थित झाला नाही. खुरपणी-कापणीला जाणारी, विडी वळणारी, खडी फोडणारी, बांधकामावर घमेली वाहणारी स्त्री पिढ्यानपिढ्या कामावर जात आलेली आहे आणि त्याच वयात ती माताही होत आलेली आहे. आज शाळा, रुग्णालये, बँका, कारखाने व शासकीय कार्यालये यांतही स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत आहेत. तेव्हा विचार करावयाचा तो एवढाच की, माता कामावर असते त्या वेळी तिचे मूल कोठे असते, कोणापाशी असते आणि त्या सोयीचा भार कोण उचलते?

मातृत्व आणि वेतनी काम यांची सांगड घालण्याचे आजवरचे प्रयत्न मुख्यतः रजेच्या अंगाने झाले. प्रसूतिरजा अत्यावश्यक आहे, यात शंका नाही. परंतु रजा संपते आणि मूल मात्र सहा महिन्यांचेच असते. पुढील अडीच वर्षांची व्यवस्था काय, हा या प्रश्नाचा दुसरा आणि अधिक दुर्लक्षित भाग होय.

गिरण्यांतील पहिला धडा

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या दशकात कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. कांडी भरणे, सूत गुंडाळणे ही कामे प्रामुख्याने त्यांच्याकडे असत. प्रसूतीच्या अगदी आदल्या दिवसांपर्यंत काम करावे आणि बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर परतावे, याखेरीज त्यांना गत्यंतर नव्हते, कारण खाडा म्हणजे मजुरीला मुकणे. तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून कामावर जाण्यापूर्वी त्याला अफूची गोळी देण्याची चाल गिरणगावात सर्रास होती. त्या काळी झालेल्या वैद्यकीय पाहण्यांनी तिची नोंद केलेली आहे. या चालीला केवळ अज्ञान म्हणून दोष देणे योग्य होणार नाही. मुलाजवळ थांबावे तर मजुरी बुडते आणि मजुरी मिळवावी तर मूल एकटे पडते, अशा कात्रीत सापडलेल्या मातेने काढलेला तो मार्ग होता. त्याची किंमत मुलाच्या शरीराने मोजली. पुढे काही गिरण्यांनी पाळणाघरे उघडली, तीही या अनुभवातूनच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्ये आपल्या पहिल्याच अधिवेशनात मातृत्व संरक्षणाचा करार संमत केला. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधानसभेत प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले, पण ते संमत होऊ शकले नाही. यानंतर मुंबई विधिमंडळात असे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९२८ मध्ये त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर शासनाने उचलला पाहिजे, अशा आशयाची भूमिका त्यांनी घेतली. मात्र शासन तो भार उचलीत नाही तोवर, स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने त्यातून अंग काढून घेणे त्यांना मान्य नव्हते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. देशातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा होय.

खर्च कोणाचा?

या कायद्याने एक तत्त्व प्रस्थापित केले आणि त्याबरोबर एक अडचणही पुढे आणली. प्रसूतिलाभाची संपूर्ण रक्कम ज्याने त्याने आपल्या कामगार स्त्रियांसाठी द्यावयाची असल्यामुळे, स्त्रीला कामावर न ठेवणे हाच खर्च टाळण्याचा सोपा मार्ग ठरू लागला. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण सतत घटत गेले. यंत्रांची पुनर्रचना, रात्रपाळीवरील बंदी अशी इतरही कारणे त्यामागे होती. तथापि, मातृत्वाचा खर्च एकट्या मालकावर टाकला की तो मातेवरच उलटू शकतो, ही गोष्ट त्या वेळीच ध्यानात आली.

यावरील उपाय १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात सापडतो. या योजनेत स्त्री-पुरुष अशा सर्व कर्मचाऱ्यांच्या वेतनावर मालक व कामगार दोघेही वर्गणी देतात आणि प्रसूतिलाभ त्या सामाईक निधीतून दिला जातो. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्का अशी ठरविण्यात आली. कारखान्यात स्त्रिया पाच असोत वा पन्नास असोत, वर्गणीचा दर एकच राहतो. त्यामुळे एखाद्या स्त्रीला नोकरी दिल्याने मालकावर जादा बोजा पडत नाही. भार वाटून घेतला तरच हक्क टिकतो, हे तत्त्व पाळणाघरालाही तितकेच लागू आहे.

कायद्याची वाटचाल

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत स्त्रीला कामावर घेण्यास मनाई केली, रजेच्या काळात कामावरून काढून टाकणे बेकायदेशीर ठरविले आणि मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा स्तनपानासाठी सुटी देण्याचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात, हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांनाही हा लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. ज्या कार्यालयांत व कामांवर रोजंदारीने स्त्रिया घेतल्या जातात, तेथील अधिकाऱ्यांनी हा निर्णय विशेषत्वाने लक्षात ठेवावयास हवा.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले आणि मातेला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. या तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

यातील एक बदल शब्दांनी लहान पण अर्थाने मोठा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराचे बंधन ५० हून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे होते. १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आणली गेली. परंतु मोजणी स्त्रियांचीच होत असल्यामुळे स्त्रियांची संख्या मर्यादेच्या आत ठेवली की बंधन टळत असे. २०१७ पासून मोजणी सर्व कर्मचाऱ्यांची होऊ लागली. मूल हे केवळ मातेचे नाही, पित्याचेही आहे आणि त्याची व्यवस्था ही संपूर्ण आस्थापनेची जबाबदारी आहे, ही दृष्टी या मोजणीमागे आहे.

असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य स्त्रियांना मात्र ही रजा मिळत नाही. शेतमजूर स्त्रीला रजा कोण देणार? तिच्यासाठी २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांच्या प्रसूतिसाह्याची तरतूद केली. २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेखाली पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देण्यात येऊ लागले. पोषणाला या रकमेचा हातभार लागतो, परंतु सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई तिने होत नाही. परिणामी, संघटित क्षेत्रातील स्त्रीपुढे जो प्रश्न सातव्या महिन्यात उभा राहतो, तो शेतमजूर स्त्रीपुढे दुसऱ्याच महिन्यात येऊन ठाकतो.

सहा महिने ते तीन वर्षे

पहिले सहा महिने मुलाला केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहाव्या महिन्यानंतर मुलाला दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे, मऊ व ताजे अन्न भरवावे लागते. कुपोषणाची सुरुवात बहुधा याच वयात होते. घरात अन्न नसल्यामुळेच ती होते असे नाही. अन्न आहे, पण भरविणारे कोणी नाही, अशीही घरे पुष्कळ असतात.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी खेडोपाडी पोहोचविली. तीन ते सहा वर्षांची मुले तेथे येऊन बसतात, शिकतात व जेवतात. तीन वर्षांखालील मुलांना मात्र घरी नेण्याचा आहार मिळतो. ती दिवसभर अंगणवाडीत राहत नाहीत. शिवाय अंगणवाडीचे काही तास आणि शेतावरील कामाचा पूर्ण दिवस यांचाही मेळ बसत नाही. मातेची रजा संपते तेथपासून मूल अंगणवाडीत बसू लागते तेथपर्यंतची ही मधली अडीच वर्षे कोणत्याच खात्यात नीटशी जमा होत नाहीत.

मग ही वर्षे निभावतात कशी? काही घरांत आजी असते. काही घरांत माता काम सोडते आणि कुटुंबाचे उत्पन्न घटते. नोकरदार स्त्रीच्या बाबतीत या खंडाने बढती व सेवाज्येष्ठताही मागे पडते. आणि अनेक घरांत थोरल्या मुलीची शाळा बंद होते. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी थांबते, तेव्हा पाळणाघराचा सारा खर्च ती आपल्या शिक्षणाने चुकता करीत असते. शिक्षकांच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे केवळ गैरहजेरीची खूण पडते. तिचे कारण त्या पटावर लिहिले जात नाही.

कोसबाडचा अनुभव

हे कारण ओळखून त्यावर उपाय करण्याचे काम ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी फार पूर्वी केले. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली आणि त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द व ती कल्पना रूढ झाली. १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

कोसबाड परिसरातील आदिवासी वस्त्यांत आई-वडील मजुरीला गेले की थोरली मुले गुरे राखीत किंवा भावंडे सांभाळीत. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरविण्यात आली. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी ‘विकासवाडी’ या कल्पनेत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. तान्हे मूल पाळणाघरात, त्याहून मोठे बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात, अशी ही योजना होती. मुलीला शाळेत पाठवा असा नुसता उपदेश पालकांना न करता, ती घरी राहण्याचे कारणच दूर करण्यात आले. मातेची मजुरी, बालकाचे आरोग्य आणि मुलीचे शिक्षण हे तीन निरनिराळे प्रश्न नसून एकच आहेत, हे कोसबाडने प्रत्यक्ष दाखवून दिले.

कामाच्या जागी पाळणा

शहरांतील बांधकामांवर कामगार कुटुंबे राहतात आणि मुले वाळू-सिमेंटच्या ढिगाऱ्यांतच वाढतात. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असता मीरा महादेवन यांनी तेथील मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले. काम संपले की पाळणाघर पुढच्या कामावर हलवावयाचे, अशी ही फिरती पाळणाघरे १९७२ मध्ये मुंबईतही सुरू झाली. काम जेथे जाईल तेथे पाळणा गेला पाहिजे, हा त्यांचा धडा होय.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली, तेव्हा या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या आणि त्यांची तान्ही मुलेही आली. राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने अशी तरतूद केली की, कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास एका मजूर स्त्रीला त्यांच्या देखभालीसाठी नेमावे आणि तिला इतरांप्रमाणेच मजुरी द्यावी. मुले सांभाळणे हे मजुरीस पात्र असे काम आहे, याची ही कायदेशीर मान्यताच म्हटली पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगाराविषयी नवा कायदा संमत केला आहे. योजनेचे नाव व स्वरूप कोणतेही असो, पिण्याचे पाणी, सावली आणि मुलांची देखभाल या तिन्ही गोष्टी कामाच्या अंदाजपत्रकाबरोबरच ठरल्या पाहिजेत.

या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप ऊसतोडणीत दिसते. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दरवर्षी हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास फडाकडे निघतात. पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या श्रमाने फेडावयाची असते आणि एकाचा खाडा झाला की भुर्दंड पडतो. अशा व्यवस्थेत गरोदरपण, बाळंतपण, किंबहुना मासिक पाळीसुद्धा आर्थिक हानी ठरते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण चिंताजनक असल्याचे पुढे आल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. शाळकरी मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. परंतु तान्हे मूल मातेबरोबर फडावर जाते. साखर कारखाना, मुकादम आणि शासन यांच्यापैकी त्या मुलाची जबाबदारी कोणाची, हे स्पष्टपणे ठरले तरच फडावर पाळणा उभा राहील.

स्थानिक पातळीवर काय करता येईल?

पाळणाघर म्हणजे मुले कोंडून ठेवण्याची खोली नव्हे. स्वच्छ व हवेशीर जागा, पिण्याचे शुद्ध पाणी, वेळेवर ताजे अन्न, वजनाची व लसीकरणाची नोंद, खेळणी, गाणी व गोष्टी आणि माता येऊन दूध पाजू शकेल इतके जवळचे ठिकाण, या त्याच्या किमान गरजा आहेत. सर्वांत महत्त्वाची गरज म्हणजे मायेने व समजून काम करणारी प्रशिक्षित सेविका. तिला पुरेसे वेतन मिळाले नाही, तर एका कामकरी मातेची सोय दुसऱ्या कामकरी मातेच्या पिळवणुकीवर उभी राहील.

केंद्र शासनाने २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आणून सहा महिने ते सहा वर्षे या वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची वाट खुली केली. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे साडेसात तास ते चालावे, अशी अपेक्षा आहे. या योजनेचा लाभ घेण्यासाठी गावाची गरज आधी नोंदली गेली पाहिजे. गावात तीन वर्षांखालील मुले किती, त्यांपैकी किती मुलांच्या माता मजुरीला जातात, कोणत्या महिन्यांत व कोणत्या वेळी जातात, ही यादी अंगणवाडी सेविका व आशा यांच्या मदतीने एका आठवड्यात तयार होऊ शकते. भातलावणी, कापूस वेचणी किंवा सोयाबीनची कापणी या हंगामांत काम पहाटेच सुरू होते. पाळणाघराची वेळ कामाच्या वेळेला धरून असावी, कार्यालयाच्या वेळेला धरून नव्हे.

ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिला सभेत हा विषय मांडला, तर गरजेचा नेमका अंदाज येईल. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील महिला व बालकल्याणासाठी राखावयाची १० टक्के रक्कम या कामी उपयोगी पडू शकते. समाजमंदिराची रिकामी खोली, शाळेची वापरात नसलेली वर्गखोली अशा जागा बहुतेक गावांत असतात. शिक्षकांनी वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलींच्या घरी लहान भावंड आहे काय, याची नोंद ठेवून ती ग्रामपंचायतीला द्यावी. पाळणाघराच्या मागणीला याहून भक्कम आधार मिळणार नाही.

अधिकाऱ्यांनी आपल्याच कार्यालयापासून आरंभ करावा. राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांच्या बालसंगोपन रजेची सोय दिली. अशी रजा मागणाऱ्या स्त्रीकडे कामचुकार म्हणून पाहिले जात असेल, तर शासन निर्णयाचा हेतूच विफल होतो. पंचायत समितीच्या किंवा तहसीलच्या आवारात अनेक कार्यालये एकत्र असतात. त्यांनी मिळून एक पाळणाघर व स्तनपानासाठी एक आडोशाची खोली ठेवणे फारसे खर्चाचे नाही. आणि मूल आजारी पडले म्हणून पित्याने अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तर तीही तितक्याच सहजपणे मंजूर व्हावी. घरातील जबाबदारीत पुरुषाचा वाटा वाढल्यावाचून कोणतीही योजना मातेचा भार पुरेसा हलका करू शकणार नाही.

रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांची गणना आपण सार्वजनिक सोयींत करतो, कारण त्यांच्यावाचून गावचा व्यवहार चालत नाही. गावातील निम्मे श्रम ज्या हातांनी होतात, ते हात कामात असताना त्यांची मुले सुरक्षित ठेवणारे पाळणाघरही याच यादीत आले पाहिजे. ते नसते तेव्हाही त्याचा खर्च होतच असतो. फक्त तो तान्ह्या मुलाच्या वजनातून, थोरल्या मुलीच्या शाळेतून आणि मातेच्या मजुरीतून वसूल होतो. हा खर्च सर्वांनी वाटून घ्यावयाचा की त्या तिघांवरच टाकावयाचा, हे पंचायतीच्या पुढील आराखड्यात ठरावयाचे आहे.